साडेतीन फुटी कोनाडा

नाशिक रोडला, जेल रोडच्या बाजूला, एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गोरक्ष निरगुडे आणि त्याची बायको मीना राहतात. मुलगी पल्लवी पुण्याला शिकते. हॉलमधून स्वयंपाकघराकडे जाताना उजव्या हाताला भिंतीत एक कोनाडा आहे, साडेतीन फूट रुंद आणि पावणेदोन फूट खोल. बिल्डरच्या नकाशात तिथं बेसिन होतं, पण पाइप काही तिथवर आला नाही आणि बेसिन शेवटी बाथरूमच्या बाहेर लागलं. बारा वर्षांत त्या कोनाड्यात इस्त्रीचं टेबल, मोडकी घडीची खाट, छत्र्या आणि रद्दी साचत गेली. पाहुणे यायचे असले की मीना पुढं पडदा ओढायची.

त्या कोनाड्यात बार करायचं गोरक्षनं ठरवलं, तेव्हा त्याला कसलाच वास येत नसल्याला अडीच वर्षं झाली होती.

गोरक्ष मूळचा पिंपळगाव बसवंतच्या अलीकडच्या एका खेड्यातला. घरची द्राक्षबाग होती, पण भाऊ तिघं आणि बाग एवढीशी. बारावी झाल्यावर काही वर्षं इकडं तिकडं करून तो दिंडोरीकडच्या एका वायनरीत टाक्या धुवायच्या कामाला लागला. तिसऱ्या हंगामात एका सकाळी तो तिथल्या साहेबांना म्हणाला, "सहा नंबरची टाकी बिघडतीय." साहेबांनी लॅबमध्ये नमुना पाठवला. सगळं व्यवस्थित निघालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवला, तेव्हा नव्हतं. त्या दिवसापासून साहेब रोज सकाळी त्याच्या हातात ग्लास द्यायला लागले.

त्याच्याकडं डिग्री नव्हती, इंग्रजी शब्द नव्हते. तो आपल्या भाषेत सांगायचा. याला ओल्या गोणपाटाचा वास आहे. याला पेरूच्या आतल्या गराचा. ही काडी ओढून विझवल्यासारखी आहे, दोन दिवस थांबा. साहेब ते वहीत लिहून घ्यायचे. पुढं साहेब बदलले, वायनरी मोठी झाली, पण गोरक्षनं हुंगून मान हलवल्याशिवाय टाकी बाटलीत जायची नाही हा रिवाज टिकला. दिवसाला वीस-पंचवीस ग्लास तोंडाला लावून थुंकून टाकणारा हा माणूस घरी चहाशिवाय काही प्यायचा नाही. पास केलेल्या मालाच्या चार-पाच बाटल्या दर वर्षी त्याला मिळायच्या. तो त्या घरी आणून पलंगाखाली ठेवायचा.

एकवीस सालच्या एप्रिलमध्ये घरातले तिघंही आजारी पडले. मीनाला सगळ्यात जास्त झालं, पण दवाखान्यात भरती करायची वेळ कुणावरच आली नाही. दहाव्या दिवशी गोरक्ष उठून बसला. मीनानं कढी केली होती. ती आंबट लागली, गरम लागली, पण कढी लागली नाही. त्याला वाटलं, जाईल आठवड्यात. सगळ्यांचं तसंच होत होतं. मीनाचं पंधरा दिवसांत परत आलं, पल्लवीचं त्याच्याही आधी. गोरक्षचं आलं नाही.

डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाब हुंगायला सांगितलं. त्यानं चार महिने न चुकता हुंगलं. चारही बाटल्यांतून नुसती हवा यायची. त्या वर्षी वस्तीत ज्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं त्यांच्याकडं लोक भेटायला जात होते. गोरक्षच्या घरातलं कुणी गेलं नव्हतं, त्यामुळं कुणी विचारायला आलं नाही. आणि आलं असतं तरी काय सांगायचं हे त्यालाही कळलं नसतं.

वायनरीत त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. लॅबमध्ये वेदिका नावाची तरुण मुलगी होती, शिकून आलेली, त्याला दादा म्हणायची. सकाळी दोघं बरोबर ग्लास घ्यायचे. गोरक्ष आधी तिच्या भुवयांकडं बघायचा. भुवया जागेवर असल्या की म्हणायचा, ठीक आहे. जराशा हलल्या की म्हणायचा, उद्या परत बघू. जिभेला आंबट, तुरट, गोड कळत होतं, लॅबचे आकडे समोर असायचे, आणि सोळा वर्षांची सवय होती. असे दहा महिने निघाले. वेदिकाला किती कळलं होतं देव जाणे. ती हल्ली ग्लास हुंगल्यावर मोठ्यानं बोलायला लागली होती, "दादा, पेरू आहे ना यात थोडा?" आणि तो म्हणायचा, "आहे की."

बावीसच्या फेब्रुवारीत बहिणीच्या लग्नासाठी वेदिका तीन दिवस रजेवर गेली. ऐन हंगाम. नऊ नंबरच्या टाकीत पांढऱ्या द्राक्षांचा रस आंबत होता. गोरक्ष तिन्ही सकाळी एकटाच ग्लास घेऊन उभा राहिला आणि तिन्ही सकाळी वहीत ठीक असं लिहून आला. चौथ्या दिवशी वेदिकानं येऊन टाकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि ती एक पाऊल मागं सरकली. सडक्या अंड्याचा वास होता. पहिल्याच दिवशी धरला असता तर साधा उपाय होता. आता तो आतपर्यंत मुरला होता. तिनं गोरक्षकडं पाहिलं. तो ग्लासात नाक घालून उभा होता.

"दादा," ती म्हणाली, "तुम्हाला हा येत नाही?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. "नाही," तो म्हणाला.

ती टाकी वाइन म्हणून बाटलीत गेली नाही. साहेब रागावले नाहीत. त्यांनी कधीपासून म्हणून विचारलं, यानं मागच्या एप्रिलपासून म्हणून सांगितलं. सोमवारपासून गोरक्ष डिस्पॅचला गेला. खोकी, टेम्पो, पावत्या. काम काही अवघड नव्हतं. टेम्पोवाल्यांबरोबर महामार्गानं जाताना सडलेल्या कांद्याच्या चाळी लागायच्या, तेव्हा बाकीचे नाकाला रुमाल लावायचे आणि हा सरळ समोर बघत बसायचा.

घरीही तो तसाच झाला. भांडायचा नाही, चिडायचा नाही. भाजीत मीठ नसलं तर सांगायचा. बाकी वाढलं ते खायचा. मीना पोस्टात कामाला आहे. संध्याकाळी आल्यावर ती काउंटरवरच्या गमती सांगायची, तो ऐकायचा, पण हसायचा तो क्षणभर उशिरा. एकदा पल्लवीनं फोनवर विचारलं, "आई, बाबा बरे आहेत ना?" मीना म्हणाली, "बरे आहेत. जेवतात, झोपतात."

तेवीसच्या दिवाळीआधी वाळवीचं औषध मारायला माणूस येणार होता. मीनानं पलंगाखालचं सामान बाहेर ओढलं. सोळा वर्षांच्या बाटल्या, खोक्यांत उभ्या ठेवलेल्या, धूळ बसलेल्या. मोजल्या तर एकाहत्तर भरल्या.

"यांचं काय करायचं सांगा," ती म्हणाली. "देऊन टाकायच्या असतील तर देऊन टाका. नाहीतर नीट कुठं तरी ठेवा. मला दर वेळी वाकून हे ओढवत नाही."

गोरक्षनं बाटल्यांकडं पाहिलं, मग पडद्याकडं. "तिथं करू," तो म्हणाला.

"काय करू?"

"बार. छोटासा. भिंतीतला."

मीनाच्या माहेरी या गोष्टीचं नाव काढायची सोय नव्हती. पण नवऱ्यानं कुठली तरी गोष्ट करू असं म्हणून दीड वर्ष झालं होतं. ती म्हणाली, "करा."

त्यानं डिस्पॅचच्या कोऱ्या पावत्यांच्या पाठीवर नकाशा काढायला घेतला. कोनाडा रिकामा केला. भिंतीला थर्मामीटर टांगला आणि सकाळी सातला, दुपारी मीना घरी असली तर चारला, असे आठवडाभर आकडे लिहिले. मागची भिंत कायम दोन-अडीच अंशांनी जास्त गरम निघाली. पलीकडं स्वयंपाकघरात फ्रिज त्याच भिंतीला लागून होता.

"फ्रिज हलवावा लागेल," तो जेवताना म्हणाला.

"बाटल्यांसाठी माझा फ्रिज हलवायचा?"

"गरम लागतंय तिथं."

तिनं मान वळवून स्वयंपाकघराकडं पाहिलं. मग म्हणाली, "खिडकीजवळ बसेल. पण पिठाचे डबे तुम्ही उचलायचे." रविवारी त्यानं डबे उचलले, फ्रिज सरकवला, मागची जागा पुसून घेतली. तिला वाटलं होतं, काम करताना तरी त्याचा चेहरा उजळेल. तो टाकी धुतल्यासारखी फरशी पुसत होता, कोपऱ्यापासून दारापर्यंत, सरळ पट्ट्यांत.

यादव मिस्त्री सिन्नरचा. त्यानं गंगापूर रोडच्या बंगल्यांत असे बार केले होते आणि मोबाइलमध्ये त्यांचे फोटो होते. मागं आरसा, वर निळे दिवे, काचेचे कप्पे.

"आरसा नको," गोरक्ष म्हणाला. "दिवे पण नको."

"भाऊ, आरसा लावला की जागा दुप्पट दिसती. नाय तर बार कशाचा, कपाट हुईल ते."

"होऊ दे."

गोरक्षचा नकाशा असा होता. कमरेच्या वर बाटल्यांची घरटी, प्रत्येक घरट्यात एक बाटली, आडवी, बूच ओलं राहील अशी. मागच्या भिंतीपासून तीन इंच मोकळं सोडायचं, हवा खेळायला. मधे एक फळी, बिजागरीवर खाली पडणारी. उघडली की उभ्यानं ग्लास ठेवायला टेबल, मिटली की दार. खाली दोन कप्पे ग्लासांना. यादवनं ग्लास उलटे टांगायची पट्टी सुचवली, सगळीकडं तशीच असते म्हणाला.

"उलटे नको. वरच्या लाकडाचा वास काचेत साठतो. उभे ठेवायचे. आणि आतून पॉलिश करायचं नाही. प्लाय पण नको आत, त्याच्या डिंकाचा वास वर्षभर जात नाही. जुनं सागवान बघा."

"भाऊ, पण तुम्हाला तर..." यादव बोलता बोलता थांबला. मीनानं त्याला आधीच सांगितलं होतं. त्यानं कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागं ठेवली. "बघतो. जुन्या दार-खिडक्यांच्या वखारीत मिळंल. वास उडून गेलेला असतो त्याचा."

नऊ दिवस काम चाललं. गोरक्षनं दिवाळीत न घेतलेली रजा आता घेतली आणि स्टुलावर बसून राहिला. घरटं अर्धा इंच तिरकं झालं तर तो सांगायचा, यादव ते काढून परत बसवायचा. यादव पहिले दोन दिवस गावाकडच्या गप्पा मारत होता, मग त्यानंही नुसतं काम धरलं. बाहेरच्या फळीला तेवढं पॉलिश होतं. ते मारायला आलेल्या माणसानं धूळ बसू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या, काम करून गेला आणि दोन तास उघडू नका म्हणाला.

मीना साडेपाचला आली. दुसऱ्या मजल्यावरच तिच्या नाकात तो वास शिरला. दार उघडलं तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गोरक्ष हॉलमध्ये खुर्चीवर बसला होता, पंखा बंद, खिडक्या बंद.

"अहो, कधीपासून बसलाय?" तिनं धावत जाऊन खिडक्या उघडल्या. "डोकं नाही दुखत?"

"दुखतंय," तो म्हणाला. "दुपारपासून दुखतंय."

तिनं त्याला गॅलरीत उभं केलं, पाणी दिलं. तो पाणी प्याला आणि म्हणाला, "आत गेलाय का वास?"

"कुठं आत?"

"घरट्यांत."

ती नाकाला पदर लावून कोनाड्याशी गेली, फळी उघडली, आणि पदर बाजूला करून डोकं आत घातलं. "आहे," ती म्हणाली. "भरलाय सगळा."

तेव्हापासून ते सुरू झालं. रोज सकाळी मीना डबा भरून, साडी नेसून, पोस्टात निघायच्या आधी फळी उघडायची, डोकं आत घालायची आणि सांगायची. "आहे." दुसऱ्या दिवशी, "आहे." पाचव्या दिवशी, "कमी झालाय, पण आहे." गोरक्ष तारीख घालून लिहायचा. बाटल्या हॉलमध्ये चादरीवर आडव्या ठेवल्या होत्या, त्यांना ओलांडून जावं लागायचं. यादवनं दोनदा फोन करून फोटो मागितला. गोरक्षनं सांगितलं, अजून भरला नाही. नवव्या दिवशी मीना म्हणाली, "वरच्या रांगेत नाही, खाली आहे." तो म्हणाला, "डाव्या बाजूला की उजव्या?" ती परत वाकली. तिची बस चुकली त्या दिवशी.

अठराव्या सकाळी ती बराच वेळ आत डोकं घालून राहिली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "आज काही नाही. नुसतं लाकूड. तेही लांबून." त्यानं लिहून घेतलं. संध्याकाळी ती आली तर एकाहत्तर बाटल्या घरट्यांत होत्या, सालाप्रमाणे, आणि चादर धुऊन दोरीवर होती.

पुढच्या रविवारी दुपारी वेदिका आली. तिचं लग्न ठरलं होतं, पत्रिका द्यायला आली होती. कोनाड्यापुढं उभी राहून तिनं सगळं नीट पाहिलं, मागचे तीन इंच, आतलं कोरं लाकूड. "आपल्या टेस्टिंग रूमपेक्षा चांगलं झालंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "एक उघडायची का, दादा?"

त्यानं चौदा सालची लाल काढली. बूच ओढताना अर्धं तुटून आत पडलं. वेदिकानं ग्लास नाकाशी नेला. त्याची नजर सवयीनं तिच्या भुवयांवर गेली.

"गेली," ती म्हणाली.

"कशी गेली?"

"व्हिनेगर."

त्यानं दुसरी काढली, अकरा सालची. तीही गेलेली. तिसरी, चौथी, पाचवी. सोळा उन्हाळे पलंगाखाली, खोक्यात उभ्या. बूच वाळून आक्रसलं होतं. वायनरीत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला गोरक्ष सांगायचा, बाटली आडवी ठेवा, गारव्यात ठेवा. घरी त्याला कधी सुचलं नव्हतं. त्या बाटल्या प्यायच्या आहेत असं त्यानं कधी धरलंच नव्हतं.

वेदिकाला रडू यायला लागलं होतं. गोरक्ष तिला म्हणाला, "अगं, चहा घे." तो एकेक बाटली सिंकमध्ये ओतून, विसळून, रांगेत लावत होता.

सहावी नऊ सालची होती. वेदिकानं हुंगली. ग्लास तिनं मीनाकडं दिला. "काकू, तुम्ही बघा. पिऊ नका, नुसता वास घ्या."

मीना ओट्याला टेकून उभी होती. तिनं ग्लास दोन्ही हातांत धरला, जणू सांडेल. हुंगला. पुन्हा हुंगला. "अंजीर," ती म्हणाली. "ओले नाही, दोऱ्यात ओवलेले असतात ते. आणि जुन्या चपलेचं कातडं. म्हणजे वाईट नाही, पण कातडंच. आणि शेवटी जरासं... मठातून आल्यावर कपड्यांना येतो ना, तसं. धुपाचं."

गोरक्षनं नळ बंद केला. "मग चांगली आहे ती," तो म्हणाला.

वेदिकानं मान हलवली. त्यानं ग्लास घेऊन एक घोट घेतला. जीभ आवळली, घशाला ऊब लागली, संपलं. दोघी त्याच्याकडं बघत होत्या. त्यांना काहीतरी द्यावं असं त्याला वाटलं, पण देण्यासारखं आत काही हाताला लागेना. "चांगली असणार," तो पुन्हा म्हणाला आणि बाटलीला नवं बूच लावायला बसला.

त्यानंतर दर रविवारी दुपारी दोन-तीन बाटल्या उघडल्या जाऊ लागल्या. मीना हुंगायची, सांगायची, तो लिहायचा. तिच्या शब्दांवरून त्याला कळायचं कोणती ठेवायची, कोणती ओतायची. कळायचं अगदी बरोबर, मागं कळायचं तेवढंच. फक्त ते कुठं लागायचं नाही. पावसाळा लागेपर्यंत एकाहत्तरातल्या बारा चांगल्या निघाल्या. त्या मीनानं लगोलग पोस्टातल्या मैत्रिणींना, तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना वाटल्या. रिकाम्या घरट्यांत तिनं लोणच्याच्या बरण्या ठेवू का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "लोणचं नको, त्याचा वास बसेल." मग तिथं सरबताच्या बाटल्या गेल्या, झाकणं घट्ट लावून.

खालच्या शेजाऱ्यांनी तो कोनाडा बघितला आणि आपल्या जिन्याखालच्या जागेत तसंच करून मागितलं. यादवनं फोन केला, "भाऊ, नकाशा तुम्हीच काढा, माझ्यानं ते तीन इंचाचं जमायचं नाय." तिथून पुढं अशी चार कामं झाली. रविवारी सकाळी यादव मोटरसायकल घेऊन येतो, गोरक्ष थर्मामीटर आणि टेप पिशवीत घालून मागं बसतो. मीना आता बाटल्या हुंगत नाही, रविवारी झोपते.

मागच्या महिन्यात दोघं ओझरजवळच्या एका बागाईतदाराकडं गेले होते. नवा बंगला, जिन्याच्या वळणावर उरलेली तिरकी जागा. मालक शेखर म्हणून, तिशीतला, हौशी. त्यानं आरसा, दिवे, सगळं मनात धरलं होतं. गोरक्षनं भिंतीला हात लावून पाहिला, पलीकडं काय आहे विचारलं. गीझर आहे म्हणाला. "मग गीझर हलवा, नाहीतर ही जागा सोडा," गोरक्ष म्हणाला.

शेखर जरा हिरमुसला. मग यादवनं हा माणूस वायनरीत सोळा वर्षं वाइन पारखायला होता म्हणून सांगितलं, तसा तो खुलला. "असं होय? मग दादा, तुम्ही स्वतः कोणती घेता? लाल का पांढरी?"

"मी घेत नाही," गोरक्ष म्हणाला. त्यानं टेपचं टोक शेखरच्या हातात दिलं. "हे वरच्या पायरीला लावून धरा. घट्ट धरा, हलू देऊ नका."

शेखरनं धरलं. गोरक्ष गुडघ्यावर बसून टेप ओढत मागं सरकला आणि यादवला आकडा सांगितला.